सा, ग, प आणि उतरलेला नी

टल्सा, ओक्लाहोमा

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

‘बार्बरशॉप म्हणजे न्हाव्याचं दुकान ना, मग तिथे बायका कशा?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत बसलेले लोक, त्यात काळे पुरुष विशेष, चार आवाज लावून गायचे, या गायनपद्धतीला नाव तिथलं. हे गाणं गाणाऱ्या पुरुषांची संस्था १९३८ मध्ये याच टल्सात निघाली. १९४५ मध्ये एडना मे अँडरसन यांनी इथेच बायकांची काढली, ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’. पहिल्या खेपेच्या बऱ्याचजणी त्या पुरुषांच्या बायकाच.

आवाजांची नावंही पुरुषांचीच राहिली. लीड चाल गाते, टेनर तिच्या वर हलकेच, बेस सगळ्यांच्या खाली, आणि उरेल तो सूर बॅरिटोनला. तिची ओळ एकटी ऐकलीस तर चाल सापडायची नाही, नुसत्या उड्या. काम सगळ्यात अवघड, कौतुक सगळ्यात कमी!

वाद्य नसतं. कुंकवाच्या करंड्याएवढा गोल पिचपाइप एकदा फुंकायचा, सूर घ्यायचा आणि सुरू. पेटी का नको, ते तुला एका वाक्यात पटेल: तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप बोलतो, तो पेटीत नसतो. यांचा सगळा जीव त्यातच आहे.

मंडळातल्या चौघींना घेऊन करून बघ. पांढरी ६ चा सा धर, म्हणजे २२० हर्ट्झ. बेसने सा लावायचा आणि हलायचं नाही. मग लीडने प, ३३०. तो पक्का बसल्यावरच बॅरिटोनने ग, २७५. पेटीचा ग २७७ च्या पुढे असतो, म्हणून किंचित उतरवून. शेवटी टेनरने कोमल नी, ३८५. पेटीवर तो ३९२ आहे, म्हणजे इथे जवळजवळ तृतीयांश अर्धस्वर खाली. आपल्या कानाला आधी तो बेसूर वाटतो. पण ४:५:६:७ जुळलं की थरथर थांबते आणि वर कुणीच न गायलेला एक सूर घुमायला लागतो. याला इथे ‘रिंग’ म्हणतात.

घुमला नाही तर आधी टेनरकडे बघ. वरचा सूर म्हणून ती जोर लावते; तिने चौघींत सगळ्यात हलकं गायला हवं आणि बेसने सगळ्यात भरीव. दुसरं कारण स्वरांचा उच्चार. एकीचा ‘आ’ पसरट, दुसरीचा गोल असेल तर सूर बरोबर असूनही ते चिकटत नाहीत. ‘माय’ म्हणताना सगळा वेळ ‘आ’वर काढायचा, ‘य’ अगदी सुटताना. लीडने लांब सुरावर आंदोलन घेतलं तरी बाकीच्यांना टेकायला जागा उरत नाही. (तुझ्या शेजारणीला हे सांगणं तुझ्यावर सोपवते.)

कोरसमध्ये एका ओळीच्या बऱ्याचजणी असतात, म्हणून श्वास चोरता येतो: ओळ संपताना घ्यायचा नाही, शब्दाच्या मध्येच घ्यायचा आणि त्याच ‘आ’वर गुपचूप परत यायचं. एकाच जागी दोघींनी घेतला की भोक पडतं.

एक गोष्ट मात्र इथे जरा हळू आवाजात सांगतात. ज्या गाण्याची मुळं काळ्या लोकांत, त्यातून १९५८ मध्ये ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ने काळ्या बायकांनाच बाहेर ठेवलं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या काही शाखांना ते पटलं नाही. त्या फुटल्या आणि १९५९ मध्ये ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ झाली. मूळ संस्थेने ती अट १९६६ मध्ये काढली. पुरुषांच्या संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं ते तर थेट २०१८ मध्ये.

गाणं पुढे जातं ते ‘टॅग’मधून. म्हणजे गाण्याचा शेवटचा छोटा तुकडा, बहुतेक कागदाशिवाय: शिकवणारी एकेकीला तिची ओळ कानात गाऊन देते, मग चौघी एकत्र. एक सूर बहुधा शेवटपर्यंत धरलेला असतो आणि बाकीच्या तिघी त्याभोवती फिरतात. ज्ञानोबा-तुकारामच्या गजरावर हे बसेल का, ते तूच ठरव. सा धरणारी मात्र दमसासाची निवड.

कळावे,
तुझी भाची