दादा, पुलाची वही दाखवा

मा. भूपेंद्रभाई पटेल,
मुख्यमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर

सप्रेम नमस्कार.

गुजरातेत सगळे आपल्याला दादा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर रवाना केली आहे. इथे मराठीत लिहितोय ते आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी मंडळींनी वाचावं म्हणून, आणि महाराष्ट्रातल्यांनीही. त्यांच्याकडचे पूलसुद्धा असेच रामभरोसे असतात.

माझी नोकरी रेल्वेत गेली, इंजिनीअरिंग खात्यात, बरीचशी पुलांवर. आता प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयात जातो ते फक्त पेन्शनच्या कामाला. त्यामुळे पूल पडला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो बातम्यांमध्ये नसतो : याची शेवटची तपासणी कोणी केली, कधी केली आणि वहीत काय लिहिलं?

९ जुलै २०२५ ला सकाळी आपल्या वडोदरा जिल्ह्यात, पादरा तालुक्यात, मही नदीवरचा मुजपूर–गंभीरा पूल मधोमध तुटला. दोन खांबांमधला गाळा गाड्यांसकट नदीत गेला. किमान २० माणसं गेली. पलीकडच्या आणंद जिल्ह्यातून पादऱ्याकडच्या कारखान्यांत कामावर येणाऱ्यांची ती वेळ. एक टँकर तुटलेल्या कडेवर लटकत राहिला आणि तो उतरवायला जवळजवळ महिना लागला. पूल १९८५ चा. म्हणजे चाळिशीतला. रेल्वेत शंभरी ओलांडलेल्या पुलांवरून आम्ही मालगाड्या नेल्या आहेत, त्यामुळे 'पूल जुना होता' हे कारण मला कोणी सांगू नये.

दुसऱ्याच दिवशी चार इंजिनीअर निलंबित झाले. प्राथमिक चौकशीत पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन जॉइंट चिरडल्याचं कारण आपल्या मंत्र्यांनी सांगितलं. आपण स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आहे, त्यामुळे याचा अर्थ मी आपल्याला सांगायला नको. वाचकांसाठी सांगतो. पुलाच्या तुळया थेट खांबावर नसतात. खांबाच्या डोक्यावर एक ठोकळा, तो पेडेस्टल, त्यावर बेअरिंग म्हणजे तुळईला थोडं सरकू देणारा आधार, त्यावर तुळई. काही जुन्या पुलांत तर एका तुळईचं टोक दुसरीच्या ओठावर टेकवलेलं असतं, तो आर्टिक्युलेशन जॉइंट. वरच्या सांध्यातून पावसाचं पाणी आणि माती नेमकी तिथे झिरपते, आतली सळई गंजते, काँक्रीट फुगून सुटायला लागतं. रस्त्यावरून गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याला फक्त पूल हलल्यासारखा वाटतो. खाली उतरून, शिडी लावून, टॉर्च मारून बघणाऱ्यालाच ते दिसतं. आणि असं चिरडणं एका रात्रीत होत नाही.

मुजपूरकडच्या जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ मध्येच पुलाबद्दल लेखी इशारा दिला होता. आपल्या सरकारनेही शेजारी नवा पूल बांधायला २१२ कोटी रुपये आधीच मंजूर केले होते. नवा हवा हे गांधीनगरला पटलं होतं, पण जुन्यावरून ट्रक धावत होते. टोल चुकवणारी जड वाहनं याच पुलावरून सौराष्ट्राकडे जायची, हे पादऱ्याच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. मार्ग आणि मकान, म्हणजे रस्ते-इमारतींचं खातं तेव्हा आपल्याकडेच होतं, दादा.

सरकारतर्फे असंही सांगण्यात आलं की पुलाची देखभाल गरजेप्रमाणे वेळोवेळी होत होती. माझा सगळा वाद इथेच आहे. ही गरज ठरवत कोण होतं, आणि कशावरून?

रेल्वेत ती कॅलेंडर ठरवतं. पावसाळा संपला की वर्षअखेरीच्या आत असिस्टंट इंजिनीअरने आपल्या हद्दीतला प्रत्येक पूल स्वतः जाऊन बघायचा आणि पुलाच्या रजिस्टरात नोंद करून सही करायची. मोठ्या पुलाला त्या तपासणीतून सात आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. पहिला आकडा एकूण तब्येतीचा. पुढचे सहा एकेका भागाचे : पाया, खांब, नदीकाठची संरक्षक बांधकामं, बेड ब्लॉक, बेअरिंग आणि वरची तुळई. ५ म्हणजे ठणठणीत. १ म्हणजे ताबडतोब नवा बांधा किंवा मोठी दुरुस्ती करा. ० म्हणजे हा भाग तपासलाच नाही, आणि तेही लिहून द्यावं लागतं. बेड ब्लॉक म्हणजे बेअरिंगखालचा ठोकळा. गंभीऱ्याला ज्या जागेने दगा दिला, जवळपास त्याच जागेसाठी आमच्या वहीत वेगळा आकडा आहे. मी ठेवलेल्या आकड्याबद्दल वरचा साहेब मला 'का?' म्हणून विचारू शकत होता, माझ्यानंतर आलेला माणूस मागच्या वर्षीचा आकडा बघून फरक ओळखू शकत होता. खांबाला तडा दिसला की आम्ही त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायचो आणि बाजूला रंगाने तारीख घालायचो. पट्टी तडकली की तडा जिवंत, म्हणजे वाढतोय. एका काचेच्या तुकड्याला किती पैसे पडतात?

रस्त्यांच्या पुलांना नियमच नाहीत असं नाही. रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३५ ही मार्गदर्शिका आहे, त्यात तपासणी कशी करायची ते सविस्तर दिलंय. प्रश्न आहे वहीचा. मी एका कार्यालयात (कुठलं ते सोडा) माहितीच्या अधिकारात आमच्या भागातल्या एका पुलाचे तपासणी अहवाल मागितले. उत्तरात मला मिळाली खड्डे बुजवल्याच्या बिलांची यादी. पूल पाहिल्याची एकही नोंद त्यात नव्हती. उत्तर देणारा कारकून बिचारा प्रामाणिक असावा, त्याच्या फाइलीत जे होतं ते त्याने पाठवलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की देखभालीची कंत्राटंच अशी बांधलेली असतात. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते मोजता येणाऱ्या कामाचे : इतके चौरस मीटर पॅच, इतका डांबराचा थर, इतक्या मीटर कठड्याला रंग. मेजरमेंट बुकात तेच चढतं, बिल तेवढ्याचंच निघतं. पुलाखाली उतरून बेअरिंग बघण्याची नोंद त्या बिलात कुठेच नसते. उलट जाड पॅच मारले की पुलावरचं वजन वाढतं आणि वरचा सांधा बुजतो, म्हणजे पाणी अडून नको तिथे जिरतं. कंत्राटदाराने काम चोख केलं तरी पुलाचं दुखणं तिथेच राहतं. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या काळात, खड्डा पडला तर कंत्राटदाराला पकडता येतं, पण ४० वर्षांपूर्वी बांधलेल्या पुलाच्या सांध्याला जबाबदार कोण, हे कुठल्याच कागदावर नसतं.

आता दुसरी गोष्ट. आमच्या रेल्वेत कीमन नावाचा माणूस असतो. पगार फार नाही. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन तो रोज आपल्या हद्दीतल्या रुळांवरून चालतो. रूळ तुटलेला दिसला तर तो लाल झेंडी दाखवून राजधानीसुद्धा थांबवतो. ड्रायव्हरला इशारा म्हणून रुळावर फटाके लावतो, स्टेशनला कळवतो. नंतर कोणी त्याला विचारत नाही की गाडी लेट का केलीस. तुमच्या खात्यातल्या एखाद्या डेप्युटी इंजिनीअरला पुलाखाली भलतंच काही दिसलं, तर तो त्या संध्याकाळी स्वतःच्या सहीने पूल बंद करू शकतो का? की आधी वरिष्ठांना पत्र, मग कलेक्टरांचा जाहीर हुकूम, मध्ये आमदारांचा फोन, पलीकडच्या गावांचा मोर्चा? गंभीऱ्यानंतर राज्यभर पूल तपासले गेले आणि कित्येक तातडीने बंद झाले. चांगलं केलंत. पण मग जे पूल अपघातानंतर चार दिवसांत बंद होऊ शकले, ते अपघाताच्या आदल्या दिवशी उघडे का होते?

रेल्वेचं सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरच्या रेल्वे अपघातात २९० च्या वर माणसं गेली, तीही आमच्याच खात्याच्या सिग्नलच्या कामातल्या चुकांमुळे. फरक एवढाच, की चौकशी आमच्या साहेबांनी केली नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाचे नोकर नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याने गंभीर अपघाताची चौकशी त्यांच्याकडे सोपवली आहे. त्यांच्या शिफारशी सगळ्याच पाळल्या जातात का, हा वेगळा विषय. त्यावरही मी पत्र लिहू शकतो, पण ते रेल्वेमंत्र्यांना. गंभीऱ्याची चौकशी मात्र आधी कोणी केली? पूल ज्यांचा होता, त्याच खात्याने नेमलेल्या पथकाने. मोरबीत २०२२ मध्ये झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली, बडोद्याच्या हरणी तळ्यात नाव उलटून जानेवारी २०२४ मध्ये शाळेची १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. दर वेळी नवी समिती नेमावी लागते, कारण कायम बसलेला, कोणाच्याही हाताखाली नसलेला माणूस आपल्याकडे नाही.

बडोद्याजवळ जांबुवा, पोर आणि बामणगामच्या अरुंद पुलांवर हायवेचा गळा कसा आवळला जातो ते मी इथे लिहीत नाही. टोल भरून तासन् तास उभं राहण्याचा तो अनुभव दिल्लीच्या खात्याचा. गावातला खड्डा महानगरपालिकेचा, गावाबाहेरचा आपला. गाडीचं चाक हे वाटप बघून खड्ड्यात जात नाही, पण तक्रार करायला गेलं की पहिला अर्धा तास त्यातच जातो.

दादा, बडोद्याला रेल्वे नवी नाही. डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची लाइन गायकवाडांनी १८६२ मध्ये घातली, तेव्हा डबे बैल ओढायचे. (आम्ही बडोद्याचे मराठी कुठूनही सुरू केलं तरी गायकवाडांवर येतोच, क्षमा असावी.) आज लालबागेत प्रतापविलास राजवाड्यात रेल्वेच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे, आणि त्याच आवारातून निघालेलं गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, वाहतुकीसाठीचं केंद्रीय विद्यापीठ. देशभरचे रेल्वे अधिकारी जिथे शिकायला येतात, तिथून गंभीऱ्याचा पूल गाडीने तास-दीड तासावर. या लोकांना बोलवा. आपल्या खात्याच्या पुलांना त्यांच्याकडून सात आकडे लावून घ्या. नाही जमले सात, तर सुरुवातीला एक लावा. पण तो लावणारा आपल्या खात्याचा नको, आणि तो आकडा पुलाच्या तोंडाशी पाटीवर हवा : पुलाचा नंबर, तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचं पद, आणि आकडा. शेजारी लिहा की १ आला तर ज्याने सही केली तोच वाहतूक थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याची बदली होणार नाही. हे लिहायला कायदा बदलायला नको. सरकारी ठराव पुरे.

निलंबित चार जणांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांची चौकशी होऊ दे. मला फक्त गंभीरा पुलाची २०२२ ते २०२५ मधली तपासणीची पानं बघायची आहेत. ती असतील तर संकेतस्थळावर टाका, त्यात कोणाचं काय चुकलं ते आमच्यासारख्या रिकामटेकड्या पेन्शनरांनाही वाचता येईल. आणि नसतील, तर नाहीत असं आपल्या सहीने कळवा. गुजरातीत कळवलंत तरी चालेल.

आपला,
पुलांवर नोकरी झालेला एक बडोदेकर