बॅटरी धरणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

आज 1 जून. 1948 साली याच तारखेला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे गेल्या हिवाळ्यात तुमच्या तोंडून मी किमान सहा वेळा ऐकलं. म्हणून पत्राला आजचा मुहूर्त धरला.

खरं निमित्त मात्र कालचं. काल रविवारी त्या बिनछपराच्या गाडीतून आम्ही दोघं कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांकडे गेलो होतो, जाऊन-येऊन 110 मैल. चार ठिकाणी थांबलो. चारही वेळा इंजिन तापलेलं, आणि चारही वेळा पहिल्या सेल्फला गाडी सुरू. चौथा थांबा पेट्रोल पंपाचा. तोच पंप, जिथे ऑक्टोबरमध्ये मागे रांग लागलेली असताना मी मान खाली घालून ही गाडी ढकलत बाजूला नेली होती. काल तिथून निघताना बायको म्हणाली, "घरी गेल्यावर आधी काकांना फोन कर." केला. तुम्ही "बरं झालं" म्हणालात, कॉव्हेंट्रीत पाऊस आहे का ते विचारलंत, आणि मी आभाराचं वाक्य जुळवतोय तोवर "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे झालात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. आता ठेवून दाखवा फोन.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 1957 साली 'सेव्हन' नावाची एक चिमुकली स्पोर्ट्स कार काढली. दोन माणसं, चार चाकं, एक इंजिन, बाकी जेवढं काढून टाकता येईल तेवढं काढून टाकलेलं. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडली तर त्या काळी खरेदी कर लागत नसे, म्हणून इंग्लंडात लोक आपापल्या गॅरेजात ती जोडू लागले. 1973 मध्ये मूळ गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण त्या धर्तीच्या गाड्या घरी बांधायचं वेड काही गेलं नाही. माझी गाडी त्याच वेडाची. कुणा हौशी माणसाने 1994 साली जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं 1600चं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल काढून नळ्यांच्या सांगाड्यात बसवले, वरून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकले, नाक आणि मडगार्ड फायबरचे लावले. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती 800पेक्षाही कमी. जुन्या-नव्या भागांची असल्याने तिचं वय ठरवता येत नाही, त्यामुळे नंबरप्लेट 'क्यू'ने सुरू होते. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे पोरीला जन्मदाखला नाही."

दोन वर्षांपूर्वी मी ती घेतली. दिवसभर ऑफिसात पडद्यावर गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि एकाही बोल्टला हात लावायचा नाही, याचा कंटाळा आला होता. सगळं स्वतः करायचं ठरवलं, आणि बरंचसं केलंही. तेल, प्लग, पॉइंट, ब्रेक, दोन वेबर कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणं, सगळं. मग गेल्या उन्हाळ्यात तिचं हे सुरू झालं. गार असताना सुरू व्हायची, तापली की सेल्फ घेईना. नुसतं कट्ट. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा आपोआप वर चढायचा, बंद केले की खाली. वायरिंगच्या पुढे माझी अक्कल संपते, म्हणून गॅरेजात नेली.

त्या गॅरेजचं नाव घेत नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला बॅटरी बदलली. दुसऱ्या खेपेला स्टार्टर. तिसऱ्या खेपेला तापमानाचा सेन्सर बदलून रेडिएटरही नवा घालायला सुचवलं. पाऊण हजार पौंड गेले आणि गाडी जिथल्या तिथे. पैशाचं दुःख आहेच, सांगलीचा माणूस आहे मी, नाकारत नाही. पण जास्त लागलं ते मालकाचं शेवटचं वाक्य. बिलावर सही करून घेताना तो हसून म्हणाला, घरी बनवलेल्या गाड्या अशाच असतात. जणू दोष शोधणं हे त्याचं काम नव्हतंच, चूक माझ्या आवडीचीच होती. दुसऱ्या एका गॅरेजने तर फोनवरच सांगितलं की अशा गाड्यांना आम्ही हात लावत नाही. त्यांचा मला राग नाही. त्यांनी माझा वेळ तरी खाल्ला नाही.

नोव्हेंबरातली ती संध्याकाळ तुम्हाला आठवते का माहीत नाही. साडेचारलाच अंधार, तीन अंश तापमान. मी गॅरेजचं दार उघडं टाकून चावी फिरवत होतो, कट्ट, कट्ट. शेवटी एक अस्सल कृष्णाकाठची शिवी हासडली. त्यावर कुंपणापलीकडून मराठीत प्रश्न आला:

"बारा का चोवीस?"

माकडटोपी, वर लेकीने घेतलेला जाड कोट, पायात चप्पल आणि मोजे. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या ताईंचे वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत एवढंच मला ठाऊक होतं. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तुमची चौतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी इलेक्ट्रिक सेक्शनला, हे नंतर कळलं. मी म्हटलं, "बारा व्होल्ट." तुम्ही आत आलात, पत्र्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "लोखंडाच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर रिव्हेट. अरे, ही तर आमच्या लाल गाडीची नात!"

पुढची तपासणी सविस्तर सांगत नाही, ती तुम्हाला पाठ आहे. पण एक प्रश्न सांगितल्याशिवाय राहवत नाही. आतापर्यंत काय काय बदललं, असं तुम्ही विचारलंत. मी बॅटरी, स्टार्टर, सेन्सर असं सांगत गेलो आणि जाता जाता म्हटलं, अ‍ॅक्सिलरेटरची केबलही दोनदा बदलली, जड होते सारखी. त्या गॅरेजात हीच यादी तीनदा वाचली गेली होती. तुम्ही मात्र तिथेच थांबलात. "वर्षात दोनदा? लुनाची पण जात नाही." मग केबलवर दोन बोटं ठेवलीत आणि म्हणालात, "मार सेल्फ." कट्ट झालं, बोटं झटकन मागे आली आणि तुम्ही हसलात. "तापतीय बघ. इंजिन रबरावर बसलंय, गिअरबॉक्स रबरावर. अर्थिंग मेलंय हिचं. करंटला परत जायला वाट नाही, म्हणून बिचारा तुझ्या केबलमधनं जातोय."

जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला. चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली की शेजारच्या घरातला दिवा लागला.

इथवर फार तर हुशारी झाली, आणि हुशारीचे आभार एका ओळीत मानता येतात. हे पत्र त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी मी अर्थिंगसाठी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी आणली, सहा पौंडांची. तुमच्या सांगण्यावरून व्हॅसलीनची डबीही काढून ठेवली. मला वाटलं होतं, पाना तुम्ही घ्याल. तुम्ही पालथी बादली ओढलीत, तिच्यावर बसलात आणि माझ्या हातातली बॅटरी, म्हणजे विजेरी, काढून घेतलीत. "गाडी तुझीय. तू कर. मी उजेड धरतो."

काका, लहानपणी मी बाबांसाठी बॅटरी धरायचो. बजाजची स्कूटर, रात्रीची वेळ, बाबांच्या हातात प्लग पाना, आणि माझा उजेड कायम भलतीकडे. "उजेड कुठे, काम कुठे! लक्ष आहे का?" आमच्या पिढीतल्या बहुतेक मुलांनी हे वाक्य खाल्लेलं असणार. बाबांचं काही चुकत नव्हतं. उजेड धरणं हे काम आहे. समोरच्याचा हात आता कुठे जाणार हे आधी कळावं लागतं, आणि स्वतःचं कुतूहल बाजूला ठेवावं लागतं.

तुमचा उजेड माझ्या हाताच्या आधी पोचत होता. मी बोल्टकडे वळायचो, तर बोल्ट आधीच उजळलेला. सांगाड्याचं पावडर कोटिंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकेपर्यंत तुमचा हात हलला नाही. तिशीच्या वर वय असलेला तो जुना जोड मी उघडला, खालून हिरवा-पांढरा गंज निघाला, तेव्हाही तुम्ही "बघ, सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत. आणि मग थंडीने बधिर झालेल्या माझ्या बोटांतून नट निसटला. टिण टिण करत खाली कुठेतरी गेला. मी अंग चोरलं. खरंच चोरलं, बेचाळीसाव्या वर्षी. आता बोलणं बसणार. एक शब्द आला नाही. उजेड फक्त हळूच खाली गेला, नळीच्या कडेने सरकला आणि नटावर येऊन थांबला.

बस, एवढंच. त्या क्षणाला मला काय झालं ते तुम्हाला दिसलं असेल तर तुम्ही दाखवलं नाहीत. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. व्हॅसलीन लावायला मी जरा जास्तच वेळ घेतला, त्याचं कारण हे.

माणसाला येत नाही म्हणून त्याला हसणारे खूप भेटतात. येत नाही म्हणून हातातलं काम काढून घेणारेही भेटतात, आणि ते बऱ्याचदा चांगले लोक असतात, मीच माझ्या मुलीच्या सायकलची चेन असाच तिच्या हातातून काढून घेतो. तुमच्यासारखे कमी. गेल्या आठवड्यात तिची चेन पडली तेव्हा मी पालथ्या बादलीवर बसलो. वीस मिनिटं लागली तिला. मी दोनदा तोंड उघडलं, पण दोनदा मिटलंही.

बाकी क्षेम. हेडलाइट लावल्यावर काटा आता जागचा हलत नाही. केबल तीच आहे, लोण्यासारखी चालते. एमओटी, म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी, तीही पास झाली. तुमची माकडटोपी वर्कबेंचच्या खिळ्याला लटकते आहे, ताईंना मी मुद्दाम दिलेली नाही.

एक विनंती. पुढच्या वेळी व्हिसा एप्रिल ते सप्टेंबर असा घ्या. डिसेंबरात तुम्ही सीटवर एक पाय ठेवून कसेबसे आत उतरलात, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, आणि "रस्ता फार जवळ आला रे" म्हणून तुम्ही परत फिरायला लावलंत. ती फेरी मी धरत नाही. गुडघ्यासाठी एक लाकडी पायरी करून ठेवली आहे. स्वतःच केली आहे, तेव्हा जरा डुगडुगते.

आपला,
कुंपणाअलीकडचा