येरळवाडीच्या मेंढपाळ मामांना

मामा, नमस्कार.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी येरळवाडी तलावाच्या फुगवट्याला लाल रेनकोट घातलेला एक मुलगा आणि त्याची आई तुम्हाला भेटली होती. ती आई मी. विट्याहून आलो होतो. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. घरातलं कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवेलच.

"बाई, तिकडं पाय टाकू नका. वरनं वाळल्यागत दिसतंय, खाली मांडीपातुर गाळ हाय." तुमची ही हाक आली तेव्हा दुर्बीण गळ्यात अडकवून पोरगा माझ्या दहा पावलं पुढं होता. तुम्ही काठी टेकवलीत आणि ती हातभर आत गेली. अजून आठवलं की छातीत धस्स होतं.

नंतर तुम्ही आम्हाला ओढ्याच्या तोंडाशी, बाभळीखाली बसवलंत. सूर्य पाठीशी घ्यायला लावलात, कुत्रं बांधून घातलंत आणि पोराच्या लाल रेनकोटावर तुमची घोंगडी टाकलीत. पाऊस चांगला झाल्यानं तलाव भरलेला, चिखलाचा काठ जेमतेम उरलेला. त्यामुळं सगळी पाखरं त्या उथळ पट्ट्यातच होती. गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाट्या, शेपटी सारखी खालीवर करणारा तुतवार, आणि चोचीच्या टोकाला पिवळा, मुळाशी लाल ठिपका असलेली हळदीकुंकू बदकं. येरळवाडी म्हटलं की लोक रोहित पक्ष्यांचं विचारतात. आम्हाला ते आठवलेही नाहीत.

एक गोष्ट मात्र मला कबूल करायची आहे. मेंढरांचा कळप आला की पाखरं उठतात, असं धरून मी इतकी वर्षं कळप दिसला की दुसरीकडं वळायचे. त्या दिवशी तुमची मेंढरं हळूहळू चरत पुढं सरकली आणि त्यांच्या खुरांशी पिवळे धोबी उतरले. गवतातून उडणारे किडे टिपत, पायांच्या मधून पळत. पोरानं सात मोजले. मध्य आशियापासून उडत आलेली ती एवढीशी पाखरं आमच्यापासून चार हातांवर, आणि मेंढरांना त्यांचं काहीच नाही! धोबी इतक्या जवळून मी आयुष्यात पाहिले नव्हते. ते तुमच्या कळपामुळं दिसले, मामा.

दिवस मावळताना डोक्यावरून शराटी पक्ष्यांची रांग गेली. तुम्ही ती आमच्या आधी ऐकलीत आणि नुसतं बोट वर केलंत.

दिवाळीनंतर कोकणात उतरणार, भाताच्या रिकाम्या वावरांत मेंढरं बसवणार, असं म्हणाला होतात. वाट सुखाची होवो. रेनकोटाच्या चेनीत तुमच्या घोंगडीची काळी लोकर अडकून आली होती. पोरानं ती वहीत चिकटवली आणि खाली लिहिलं, 'पिवळा धोबी, सात.' जूनमध्ये परत आलात की वही दाखवायला आम्ही दोघं येतोय.

तुमची,
विट्याची बाई