चालत आली की ट्रकवर बसून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं जुन्या गाड्यांचं पान पाहिलं. फोटो देखणे आहेत. मजकुरात मात्र किंमत आणि रंगाची चकाकी यापलीकडे फारसं काही नाही. ‘श्रीमंतांचा शौक’ तर दोनदा आलंय. या नादापायी ज्याच्या नखांतलं काळं कधी गेलंच नाही, त्याला ते झोंबणारच.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. १९५८ च्या मोटारीला तुम्ही ‘विंटेज’ म्हटलंय. ब्रिटनच्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या हिशेबाने विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. बोलताना आम्हीही हा शब्द सैल वापरतो, पण छापताना साल बघावं.

फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाल्या, हे तुम्ही दिलंत. ती चालवायची कशी, ते दिलं असतंत तर वाचक हरखले असते. पायाशी तीन पेडल, पण त्यांत ॲक्सिलरेटर नाहीच. तो स्टिअरिंगखाली उजव्या हाताला दांडीसारखा. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय, मधलं पेडल रिव्हर्सचं. आजचा पट्टीचा ड्रायव्हरही तिथे पहिल्या दिवशी शिकाऊच! पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिन उलट फिरलं तर अंगठा जातो.

मी मोटरसायकलवाला. जुन्या ब्रिटिश गाडीला हँडलवर स्पार्कची (ठिणगीची) वेळ मागेपुढे करायची एक छोटी कांडी असते. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरची टिचकी, म्हणजे छोटं बटण, पेट्रोलने बोट ओलं होईपर्यंत दाबायची, कांडी मागे घ्यायची आणि मग किक. एकदा कांडी विसरलो. किक अशी उलटली की आठ दिवस लंगडत होतो. ही गोष्ट जुन्या विमानांत रमणाऱ्या एका गृहस्थांना सांगितली, तर ते हसून म्हणाले, “तुमचा पाय गेला, आमच्याकडे पंखा असतो.” टायगर मॉथ हे जुनं छोटं विमान हाताने पंखा फिरवूनच सुरू करतात. ठिणगी तिथेही मॅग्नेटोचीच, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची. मोटार, मोटरसायकल, विमान अशी तिन्हीकडची माणसं एका बाकावर बसली की गप्पा याच मॅग्नेटोवर येतात.

त्या विमानवाल्या गृहस्थांकडूनच एक कळलं. डीसी-३ सारख्या जुन्या प्रवासी विमानाच्या गोल इंजिनात (सिलिंडर चक्राकार मांडलेले असतात) खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघतात. अडला तर जोर करायचा नाही. खालचे प्लग काढून तेल सोडायचं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे वाचून थोडंफार कळतं, खरं कळतं ते कुणीतरी शेजारी उभं राहून “थांब, आता” म्हणालं की.

आणि यंत्र उभं राहिलं की आजारी पडतं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, पेट्रोलचा गोंद होतो, सील सुकतात. ऑइल गळणारी, रंग उडालेली पण रोज फिरणारी गाडी मला काचेआडच्या सुंदरीपेक्षा प्रिय आहे. (घरच्यांचं मत वेगळं आहे. फरशीवरचे डाग त्यांना पुसावे लागतात.)

पुढच्या वेळी फोटोखाली किमतीऐवजी एवढंच छापा: गाडी स्वतः चालत आली, की ट्रकवर बसून.

आपला,
एक नियमित वाचक