दारं धरणाऱ्यांनाही जमीन द्या

महोदय,

शेती महामंडळाच्या जमिनींचा विषय निघाला की चर्चा खंडकऱ्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्यांचा हक्क होताच. आजोबांनी कारखान्याला खंडाने दिलेली जमीन परत मिळवताना पिढ्या गेल्या. पण त्या रानात राबलेली आणखी माणसं आहेत: तिथले कामगार.

१९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांचे मळे सरकारने घेतले. तुकडे पडले तर कारखान्यांचा ऊसपुरवठा तुटेल, म्हणून १९६३ मध्ये महामंडळ काढून ते एकत्र कसायला घेतले. मुख्यालय इथेच, पुण्यात. माझे मामा इंदापूर तालुक्यातल्या रत्नपुरी मळ्यावर मुकादम होते. मे महिन्यात आम्ही तिकडे असायचो (मामीची ज्वारीची भाकरी आणि ठेचा, दुसरं काही आठवत नाही, असं बायको म्हणते). पाण्याची पाळी रात्री आली, तर दारं धरणारा, म्हणजे पाटाचं पाणी रानात फिरवणारा गडी कुठल्या चारीला किती वेळ लागेल ते अंधारात अचूक सांगायचा. त्याच्या नावावर मात्र गुंठाभरही जमीन नव्हती.

पुढे तोटा वाढत गेला, मळ्यांवरचा ऊस आटला, कामगार घरी बसले. आता उरलेल्या जमिनीचे मोठमोठे गट ‘संयुक्त शेती’च्या नावाने निविदा काढून करारावर दिले जातात. अनामत भरायची ऐपत ज्याची, रान त्याचं. ज्या कायद्यानुसार बारमाही बागायतीत एका कुटुंबाला १८ एकरांवर जमीन ठेवता येत नाही, त्याच कायद्याने काढून घेतलेली ही जमीन आहे!

लहान तुकडा परवडत नाही, असं लगेच ऐकवलं जाईल. मग हजारो एकर महामंडळाला का परवडले नाहीत? इंदापुरात दोन-अडीच एकरांत डाळिंब काढणारी घरं आहेत. तेवढेच गट पाडा. मळ्यावरच्या कामगारांच्या मुलांना आणि तिथल्या बायकांच्या बचत गटांना आधी विचारा, अनामतीऐवजी पीक निघाल्यावर खंड घ्या. आणि कामगारांच्या चाळींखालची जागा त्यांच्या नावे करून टाका.

मात्र जमिनीबरोबर पाण्याची पाळीही लिहून द्या. इंदापूर नीरा डाव्या कालव्याच्या टोकाला आहे; वरच्यांचं भागल्यावर तिथे काय पोहोचतं, ते दारं धरणाऱ्यांना विचारा.

— एक निवृत्त शिक्षक, हडपसर, पुणे