बाबा, ती पॉवर बँक आणू नका

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमची जुनी पॉवर बँक दुबईला येणार नाही. दादा रविवारी येऊन ती ई-कचऱ्यात द्यायला नेईल, मी त्याला सांगून ठेवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण तुम्ही ‘अजून चालते की’ म्हणाला असतात. चालते, खरंय. वीज गेल्यावर तिनेच आपली अब्रू राखली, तेही खरं. पण तिचं पोट फुगलंय, मला व्हिडिओ कॉलवर दिसलं. आतल्या लिथियमच्या सेलमध्ये वायू धरला की असं होतं. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो आणि विझली वाटलेली आग पुन्हा भडकते. रविवारपर्यंत ती चार्जिंगला लावू नका, उशाशी तर मुळीच ठेवू नका.

शिवाय तिच्यावरचे आकडे पुसलेत. एमिरेट्स विमान कंपनीच्या ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे माणशी एकच पॉवर बँक नेता येते, शंभर वॉट-अवरच्या (आत किती वीज मावते त्याचं माप) आतली आणि तसा आकडा छापलेली. विमानात ती वापरायचीही नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली, पार छत जळालं. संशय पॉवर बँकेवरच आहे. प्रवासी सगळे वाचले हं, आई. लगेच यायचं रद्द करू नकोस, अक्कलकोटच्या वेळेसारखं.

इथे तुमच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जर लावलेत. बाबांचा तक्का आणलाय, गवती चहा कुंडीत लावलाय. व्हीलचेअर सांगितली आहे, नको म्हणू नका.

दोघांचे मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून निघा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत मोबाइल, टॅब काही नको. सामानाच्या कप्प्यात बॅटरी पेटली तर तिथे कुणाचा हात पोचत नाही, वर केबिनमध्ये निदान लोक धावतात. दारापाशी कुणी हातातली बॅग खाली टाकायला मागितली, तर आधी मोबाइल नि टॅब काढून घ्या. मोबाइल खुर्चीच्या फटीत पडला तर खुर्ची मागेपुढे करू नका बाबा, चेंगरून तो पेटू शकतो. हवाई सुंदरीला बोलवा.

आई, गावी पाठवताना तू माझ्या फ्रॉकच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायचीस आणि वरून पिन लावायचीस. तशीच चिठ्ठी मी मोठ्या अक्षरात लिहून दादाकडे पाठवलीय. पर्समध्ये ठेव.

बीपीच्या गोळ्याही हातातल्या पिशवीतच.

तुमची,
छकुली