वॉरंटीतला बेस अ‍ॅम्प भर कार्यक्रमात बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ५०० वॉटचा बेस अ‍ॅम्प कार्यक्रमादरम्यान बंद पडणे आणि सर्व्हिस सेंटरने योग्य तपासणी न करता ‘दोष आढळला नाही’ असा शेरा देऊन तो परत करणे

महोदय / महोदया,

मी पुण्यात व्यावसायिक बेस गिटारवादक आहे. भावगीतांचे आणि जुन्या चित्रपटगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा आणि कोरेगाव पार्क परिसरातले लाइव्ह म्युझिक यांवर माझे घर चालते. आपल्या कंपनीचा ५०० वॉटचा, बेस गिटारचा आवाज मोठा करणारा बेस अ‍ॅम्प मी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून रीतसर पावती घेऊन विकत घेतला असून तो अद्याप वॉरंटीत आहे. लांबलेल्या कार्यक्रमात हा अ‍ॅम्प तापून अचानक बंद पडतो. तो मी आपल्या पुण्यातील सर्व्हिस सेंटरमध्ये जमा केला, लेखी तक्रार नोंदवली, आणि दर वेळी तो ‘तपासला, दोष आढळला नाही’ एवढ्याच शेऱ्यासह माझ्या हाती परत आला. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आवाजाबद्दल आधी लिहितो, कारण हा अ‍ॅम्प मी त्याच्या आवाजासाठीच घेतला. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे ‘ई’ तारेचा, मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि पाच तारांच्या गिटारवरची ‘बी’ तार तर ३१ हर्ट्झच्या आसपास जाते. इतक्या खालच्या आवाजाला माणसाचा कान कमी संवेदनशील असतो, त्यामुळे लीड गिटारवाल्याचे ज्या ताकदीत भागते तिच्या कितीतरी पट ताकद बेसवादकाला लागते. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबल. आपला अ‍ॅम्प पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात या कसोटीला उत्तम उतरतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आमच्या कार्यक्रमांत तबला किंवा ढोलकी जवळजवळ नेहमीच असते आणि डग्ग्याचा घुमारा व बेस एकमेकांत मिसळले की सगळ्याचा चिखल होतो. आपल्या अ‍ॅम्पवर २५० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कमी केला की डग्गा मोकळा ऐकू येतो आणि बेसचा स्वरही गोल, भरीव राहतो, बोटांचा आघात हरवत नाही. इतका चांगला आवाज देणारे यंत्र केवळ भरवशाच्या अभावी बाजूला ठेवावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष दोषाविषयी. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात मध्यंतरानंतरचा भाग सुरू असताना आधी बेसचा तळ गेला. आवाज तेवढाच होता, पण खालचे स्वर पातळ झाले आणि दोरीवर काठी मारावी तसा कोरडा आवाज येऊ लागला. पंखा इतक्या जोराने फिरत होता की दोन गाण्यांमधल्या निवेदनात तो मला उभ्या जागी ऐकू येत होता. पुढच्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात समोरचा हिरवा दिवा लाल झाला आणि अ‍ॅम्प पूर्ण बंद पडला. मागच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. स्विच बंद करून काही मिनिटे थांबल्यावर तो चालू झाला आणि दोन गाण्यांनंतर पुन्हा लाल दिवा लागला. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर कीबोर्ड आणि लीड गिटारचा अ‍ॅम्प हे दोन्ही चालू होते आणि त्यांपैकी कशालाही काहीही झाले नाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच बोर्डावर मल्टिमीटर लावला तेव्हा २२६ व्होल्ट दिसले.

हा आकडा मुद्दाम लिहितो, कारण आपल्या सर्व्हिस सेंटरने तोंडी कारण दिले ते ‘ग्राहकाकडील व्होल्टेजमधील चढउतार’ हे. आपल्या अ‍ॅम्पच्या मागे छापलेले आहे की तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. मांडवात जनरेटरवर कार्यक्रम असेल तेव्हा व्होल्टेज खाली-वर होते हे मला ठाऊक आहे, आणि अशा ठिकाणी मी स्टॅबिलायझर वापरतो. पण बंद नाट्यगृहातल्या स्थिर वीजपुरवठ्यावर घडलेल्या बिघाडाला तेच कारण लावणे म्हणजे तपासणी टाळणे होय.

याहून गंभीर बाब अशी की अ‍ॅम्प बंद पडतो तेव्हा त्याचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) आउटपुटही बंद पडते. नाट्यगृहातल्या प्रेक्षकांपर्यंत बेस जातो तो मुख्यतः याच आउटपुटमधून साउंडवाल्याच्या मिक्सरकडे आणि तिथून मोठ्या स्पीकरकडे. अतिउष्णतेमुळे केवळ पॉवर विभाग बंद होऊन प्रीअ‍ॅम्प (आवाज घडवणारा सुरुवातीचा विभाग) आणि डीआय चालू राहिले असते, तर रंगमंचावर मला माझ्या स्पीकरचा आवाज ऐकू आला नसता, पण सभागृहात बेस चालू राहिला असता आणि मी रंगमंचावरच्या मॉनिटर स्पीकरच्या आधाराने कार्यक्रम निभावून नेला असता. आपल्या रचनेत वीजपुरवठ्याचा विभागच बंद होतो, त्यामुळे सगळेच गप्प होते. हल्ली मी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये स्वतःचा डीआय बॉक्स लावतो. त्याने सभागृहापुरती सोय होते, पण मग ज्या डीआयचे गुणगान आपल्या माहितीपत्रकात ठळकपणे केले आहे, त्याचे पैसे मी कशासाठी मोजले, हा प्रश्न उरतोच.

सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञाने मला स्वतः सांगितले की त्यांनी अ‍ॅम्पला ८ ओहमचा एक छोटा कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडून, वातानुकूलित खोलीत, काही मिनिटे गिटार वाजवून पाहिली. अशा तपासणीत हा दोष दिसणारच नाही. कार्यक्रमात मी ८ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडतो, म्हणजे अ‍ॅम्पवर ४ ओहमचा भार येतो, आणि आपण जाहिरातीत दिलेली ५०० वॉटची ताकदही ४ ओहमवरचीच आहे. त्याच पातळीवर वाजवताना ४ ओहमच्या भारात प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णता त्यानुसार वाढते. वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या क्लास-डी रचनेत उष्णता पूर्वीच्या रचनांपेक्षा कमी निर्माण होते हे खरे, पण जेमतेम तीन किलोंच्या, पुस्तकाएवढ्या डब्यात ती बाहेर पडायला जागाही तितकीच कमी असते. आतल्या, वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानातल्या दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, ही बाब आपल्या अभियंत्यांना माझ्याहून अधिक चांगली ठाऊक असेल. म्हणजे आज जो अ‍ॅम्प तापून बंद पडतो आहे, तो वॉरंटी संपेपर्यंत कायमचा निकामी होण्याच्या वाटेवर आहे, अशी मला साधार भीती वाटते.

हलक्या अ‍ॅम्पना माझा विरोध नाही. १९६९ साली आलेला अँपेगचा व्हॉल्व्हचा ‘एसव्हीटी’ ३०० वॉटचा होता आणि त्याचे स्पीकरविना नुसते हेड उचलायला दोन माणसे लागत; आज मी त्याहून अधिक वॉटचा अ‍ॅम्प पाठीवरच्या पिशवीत घालून दुचाकीवरून नाट्यगृहात पोहोचतो. माझ्यासारख्या, स्वतःचे सामान स्वतः वाहणाऱ्या वादकासाठी हे फार मोठे सुख आहे. परंतु ‘रोज कार्यक्रम करणाऱ्या वादकांसाठी’ असे छापून आपण हा अ‍ॅम्प विकता, आणि रोज कार्यक्रम करणाऱ्या वादकाचे पहिले मागणे असते ते शेवटच्या गाण्यापर्यंत यंत्राने साथ द्यावी, हे. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात पहिल्या तासापुरताच टिकणारा उत्तम आवाज मला उत्तम म्हणता येत नाही.

दुसरा दोष लहान आहे, पण त्यातूनही सर्व्हिस सेंटरची पद्धत दिसते. वाजवता वाजवता आवाज कधी कधी खरखरतो, एकदम बारीक होतो आणि मागच्या बाजूला हलकी थाप दिली की परत येतो. सर्व्हिस सेंटरने माझी केबल खराब असल्याचे सांगितले. तपकीर गल्लीतल्या एका जाणत्या कारागिराने अ‍ॅम्पचे सील न तोडता, केवळ बाहेरची इफेक्ट्सची यंत्रे जोडण्याच्या इफेक्ट्स लूपच्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकमध्ये एक छोटी पॅच केबल जोडली आणि खरखर तत्काळ थांबली. याचा सरळ अर्थ असा की काहीही जोडलेले नसताना आवाज ज्यातून जातो, तो रिटर्न जॅकच्या आतला स्पर्श नीट होत नाही. पुण्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत असे स्पर्श गंजतात. ते साफ करणे किंवा जॅक बदलणे हे किरकोळ काम आहे. वॉरंटी रद्द होऊ नये म्हणून मी ते बाहेर करून घेतलेले नाही, आणि आपले सेंटर ते करत नाही.

या सगळ्याचा परिणाम माझ्या पोटावर होतो. अ‍ॅम्प बंद पडला की कीबोर्डवादक डाव्या हाताने बेस सांभाळतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो. पण बेसवादकाशिवायही भागते असे आयोजकाला एकदा वाटले की पुढच्या कार्यक्रमाला बोलावणे येत नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमात तर सवलतीचे काही दिवस सोडले तर रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. साडेनऊला अ‍ॅम्प बंद पडला तर तो थंड होण्याची वाट पाहायला वेळच नसतो, आणि नेमकी शेवटची, लोक ज्यांची वाट पाहत असतात ती गाणी बेसविना होतात. प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाही अ‍ॅम्पच्या कंपनीचे नाव माहीत नसते. त्यांना दिसतो तो हातात गिटार घेऊन नुसता उभा राहिलेला वादक.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की हा अ‍ॅम्प माझ्या उपस्थितीत ४ ओहमच्या भारावर, बेस गिटारच्या प्रत्यक्ष आवाजावर, एका पूर्ण कार्यक्रमाइतका वेळ आणि वातानुकूलनाशिवाय तपासला जावा. तो किती वेळाने व कोणत्या तापमानाला बंद पडला, हे तपासणी अहवालात लेखी नोंदवावे. दोष दिसून आल्यास वीजपुरवठ्याचा विभाग आणि रिटर्न जॅक विनामूल्य बदलून द्यावेत, आणि त्यानंतरही तोच दोष उद्भवल्यास दुसरा नवा अ‍ॅम्प किंवा पूर्ण रक्कम परत मिळावी. दुरुस्ती चालू असेल तोवर वापरण्यासाठी पर्यायी अ‍ॅम्प द्यावा, कारण गणेशोत्सवाचे दिवस माझ्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग असतात आणि त्या काळात भाड्याचा अ‍ॅम्प मिळणेही कठीण जाते. याशिवाय, माहितीपत्रकातली ५०० वॉटची ताकद अ‍ॅम्प सलग किती वेळ देऊ शकतो आणि आवाजात किती विकृती येऊन, याचा लेखी खुलासा करावा. तो आकडा क्षणिक कमाल ताकदीचा असेल, तर ग्राहकाला ते खरेदीपूर्वी कळायला हवे होते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि आयोग सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. अर्थात, आपल्या अभियंत्यांनी एक पूर्ण संध्याकाळ हा अ‍ॅम्प ४ ओहमवर चालवून पाहिला, तर तिथवर जाण्याची गरज पडणार नाही. तपासणीची तारीख आणि ठिकाण कळवावे. मी माझे दोन्ही कॅबिनेट आणि गिटार घेऊन हजर राहीन.

आपला,
एक ग्राहक व बेस गिटारवादक
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरच्या शेऱ्यांच्या प्रती आणि लाल दिवा दिसत असलेले अ‍ॅम्पचे छायाचित्र.